खडक वर येत नाही

खडक वाढत नसतो. गाढवालाही कळतं हे. पण आमच्या कागदावर यंदा नदीतला खडक वीतभर वर आला होता, आणि ऑफिसात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

आमचं काम तसं साधं. काठावर एक लोखंडी खुंटी पुरलेली आहे, तिची उंची ठरलेली; सगळे आकडे तिच्यावरूनच धरायचे. तिथून समोरच्या काठापर्यंत दोर ताणायचा, दोरालगत पावलापावलावर पट्टी उभी करायची आणि मी दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा. दरवर्षी त्याच रेषेवर. त्यातून नदीचा तळ खचला की भरला ते कळतं, आणि डोहात माशांना अंडी घालायला जागा उरली का तेही. पट्टी धरतो माझा थोरला भाऊ. छातीभर पाण्यात इतकी सरळ धरतो की बघत राहावं. बाकी आयुष्यात त्याने काही म्हणजे काही धड धरलं नाही. ही एकच नोकरी टिकली.

यंदा सगळा तळ वर आलेला. साहेब खूश. गाळ साचलाय म्हणे, डोह तसाही मेला, सोमवारपासून पोकलेन उतरवू आणि उपसून काढू. अहो, गाळ खोलगटात साचेल, खडकाच्या डोक्यावर कसा साचेल? सगळंच एकसारखं वर येतं तेव्हा तळ वर आलेला नसतो, खुंटी खाली गेलेली असते.

रात्री जेवताना दादाला विचारलं. तर हा गडी घास चावत सांगतो, खुंटी डुगडुगत होती, म्हणून मी घणाने चांगली आत बसवली. वर ऐटीत म्हणतो, एवढी काळजी कोण घेतं?

माझं डोकंच फिरलं. खुंटी वाकू दे, गंजू दे, तिला हात लावायचा नाही, हे त्याला पहिल्या दिवशी सांगितलेलं. मी ताट सारलं आणि तोंडाला येईल ते बोलले. त्याचा चेहरा उतरला. साहेबांना सांग म्हटलं, तर म्हणाला, काढून टाकतील. आईने नेहमीप्रमाणे लेकाचीच बाजू घेतली. मासे काय, पुढच्या वर्षी येतील, म्हणाली. भावाचं नाव घेतलंस तर माझ्याशी बोलू नकोस. अंडीच पोकलेनने उचलली तर पुढच्या वर्षी मासे काय आभाळातून पडणार? पण आईला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे खडकाचा आकडा ठेवला, खुंटी खाली गेलीय म्हटलं. त्यांनी तो नीट पाहिलासुद्धा नाही. गेल्या वर्षी तूच चुकीचा वाचला असशील, म्हणाले. पुन्हा मोजायचं तर खुंटी हलली असं सांगणारा माणूस आण. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो माणूस दारातच उभा होता, पट्टी छातीशी धरून. नाव जिभेवर आलं होतं आणि तोंड उघडेना. आईची आठवण नेमकी तेव्हाच यायची होती.

"मी ठोकली, साहेब," दादा म्हणाला. "चांगलं करायला गेलो."

साहेबांनी पोकलेन थांबवला आणि दादालाही. पुलाच्या कठड्यावर उंचीची जुनी खूण आहे, तिच्यावरून मोजा, म्हणाले. पण हा माणूस पुन्हा नदीत नको. बाहेर आल्यावर दादाने पट्टी माझ्या हातात दिली आणि निघून गेला. घरी आईने अबोला धरला. नाव मी घेतलंच नव्हतं, पण ऐकणार कोण?

मोजणीच्या दिवशी पट्टी धरायला कुणीच मिळालं नाही. दुर्बिणीवर ऑफिसातल्या बाईंना बसवलं आणि मीच पाण्यात उतरले. खडकाचा आकडा गेल्या वर्षीच्याशी बरोबर जुळला. मग डोहात शिरले. पाणी छातीला लागलं, पायाखालची वाळू सरकायला लागली, आणि ती मेली पट्टी हातात ठरेना.

"डावीकडे कललीय."

दादा. येऊ नकोस म्हणून मी बजावलं होतं त्याला. तरी आला होता, आणि खुंटीपासून चांगला लांब, हात मागे बांधून उभा होता. मला इतका राग आला की डोळे भरून आले.

"कळतंय मला," मी ओरडले, आणि पट्टी उजवीकडे घेतली.

"अजून थोडी," तो म्हणाला. मी घेतली. बाईंनी आकडा वाचला. डोह होता तेवढाच खोल होता.