पूर्वमुखी सर्व्हर

कळंबच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत एम.एस्सी. झालेले प्राचार्य अमरसिंह सर हात जोडून उभे, अन् वास्तुमहर्षी रणधीर महाराज बंद पडलेल्या सर्व्हरवर लिंबू फिरवत होते.

"यंत्र दक्षिणमुखी हाय! यमाकडं तोंड करून कोन काम करंल? फिरवा पूर्वेला!"

शिपाई गोरोबानं वायरी उपसल्या, डबा फिरवला, वायरी परत खोचल्या. पाचच मिनिटांत पोरांनी जावा या संगणक-भाषेत बनवलेलं ग्रंथालयाचं ॲप पडद्यावर उघडलं. जयजयकार झाला. महाराजांच्या गळ्यात हार पडला.

पण महाराज थोडक्यात आटोपणारे नव्हते. त्यांनी कंत्राटी शिक्षिका दीपाली मॅडमकडं बोट केलं. "हिचा हात यंत्राला मानवत न्हाय."

"मॅडम, उद्यापासून येऊ नका," सर म्हणाले. सरांची एम.एस्सी. तिथंच गार झाली.

दीपालीनं रडण्यात वेळ घालवला नाही. सर्व्हर आपली रोजनिशी, म्हणजे लॉग, स्वतः लिहितो. ती तिनं उघडली. सकाळच्या नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं : पोर्ट ८०८० आधीच वापरात.

"सर, जाते. फक्त दहा मिनिटं द्या. महाराजांसमोरच."

तिनं डबा पुन्हा दक्षिणेला वळवून सर्व्हर सुरू केला. ॲप चाललं! मग पूर्वेला वळवला, वर लिंबू ठेवलं, सर्व्हर बंद करून पोरांच्या फोल्डरमधली त्या प्रोग्रॅमचीच, पण ॲप नसलेली, दुसरी प्रत आधी चालू केली, अन् मग मूळ सर्व्हर. ॲप गायब!

"महाराज, फिरवा आता लिंबू."

"श्रद्धा न्हाय तिथं शक्ती थांबत न्हाय, बाई!"

"शक्ती नाही, दार अडलंय. सर्व्हर म्हणजे डब्यातला प्रोग्रॅम. तो ८०८० नंबरच्या दारात, म्हणजे पोर्टवर, बसून मागेल त्याला ॲपचं पान देतो. काल सरावाला पोरांनी मूळ सर्व्हर बंद करून दुसरी प्रत चालू केली, पडद्यावरची खिडकी नुसती खाली सारली अन् घरी गेली. दारात ती बसलेली, मग सकाळी मूळ सर्व्हर बसणार कुठं? वायर उपसली तशी ती प्रत बंद पडली. मशीन उठताच मूळ सर्व्हर आपोआप जागेवर."

गोरोबा डोळे बारीक करून म्हणाला, "मंजी म्या वायर उपटली म्हनून चाललं व्हय? मग हार मला घाला की!"

पोरं फिसकन हसली. महाराजांना एकाएकी दुसरीकडची वास्तुशांत आठवली.

"मॅडम... उद्या या," सर जमिनीकडं बघत म्हणाले.

"येते. पण आज जे माझ्याकडं बोट करून बोलले, त्यांना तुम्ही पुरावा मागितला नाही. मला मात्र द्यावा लागला."

वाचकहो, तुम्ही तरी पुरावा मागा. चमत्कार घडला की नमस्कार करण्याआधी त्या वेळी काय काय हललं ते बघा, अन् एकेक गोष्ट बदलून पुन्हा करून पाहा.