पंचवीस जणांची यादी

सेकाच्या पायाचं हाड मोडलं तेव्हा आवाज आला नाही, असं बाकीचे सांगतात. मला आला. माझ्याच बुटाखाली मोडलं, मला कसा येणार नाही?

मी निकोदेमो स्ग्रो. जन्म तोर्रे व्हेस्कारातला, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीतला. आमचा फुटबॉल क्लब अठ्ठावीस वर्षांनी इटलीच्या पहिल्या विभागात चढला आणि त्याच वर्षी अकरा जणांत गावचा म्हणावा असा एकही उरला नाही. गोलात पोलंडचा, पुढे एक डेन्मार्कचा, मधे ब्राझीलचे दोघं, आणि बचावाच्या मध्यभागी आयव्हरी कोस्टचा सेका आदू. मीही त्याच जागेवर खेळणारा. पण मी बत्तीस वर्षांचा, गावचा, आणि दर रविवारी ट्रॅकसूट घालून प्रेक्षकांत बसलेला.

मोसम सुरू होताना क्लबला पंचवीस नावांची यादी द्यावी लागते. यादीत नाव नसेल तर सराव करा, पगार घ्या, पण सामन्यात मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. ऑगस्टमध्ये माझं नाव गळलं. यादी पुन्हा भरतात ती जानेवारीत, आणि तेव्हाही नाव आलं नाही तर या वयात मला कुत्रं विचारणार नव्हतं. माझा बाप मासळीच्या गाळ्यावर सप्टेंबरपासून गिऱ्हाइकांना सांगत होता, आमचा निको पुढच्या रविवारी दिसेल बरं का. लोक त्याच्या तोंडावर हो म्हणायचे.

डिसेंबरातल्या त्या रविवारी आम्ही घरच्या मैदानावर चार गोलांनी हरलो. चारही गोल उंच चेंडूवर, सेकाच्या डोक्यावरून. आमच्याकडे अशा हारीनंतर एक रीत आहे. खेळाडूंनी उत्तरेकडच्या गोलामागच्या जाळीपाशी जायचं आणि तिथल्या पोरांनी फर्मावलं तर अंगातली जर्सी काढून गवतावर ठेवायची. तुम्ही या रंगाच्या लायकीचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटेल. मी या रीतीपायी मोठमोठ्या गड्यांना रडताना पाहिलंय.

त्या पोरांचा पुढारी कोझिमो लागाना. टायरचं दुकान, मानेवर क्लबचं चिन्ह गोंदलेलं, हातात कायम भोंगा. तो भोंग्यातून ओरडला, परक्यांनी जर्सी उतरवा. सगळेच परके, सगळ्यांनी उतरवली. सेका तेवढा तसाच उभा राहिला. जाळीला नाक लावून तो आमच्या गावठी बोलीत, मासळीबाजारातल्या शिव्या घालत बोलला. आठ वर्षं जर्मनीत काढल्यावर मलाही तशी बोली जमत नाही.

"ही मी पंधराव्या वर्षी घातलीय, कोझिमो. तुझा बाप आला तरी उतरायची नाही."

सेका काळा, म्हणून माकडाचे आवाज तर आधीपासून चालूच होते. आता काचेची बाटली आली आणि सेकाची भुवई फाटली. त्याने जर्सीच्या टोकाने रक्त पुसलं आणि पुन्हा तिथंच उभा. मग जाळीचं फाटक मोडलं आणि तीसेक जण कमरेचे पट्टे हातात गुंडाळून आत घुसले. पोलंडच्या गोलकीपरचं नाक फुटलं. पोलिसांनी दिसेल त्याला झोडपलं, त्यात आमचा मालिशवालाही सापडला. मी वर बसून सगळं बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

सोमवारी कोझिमोने मला कॉफी पाजली. सेका बाजूला झाला तर जागा तुझी, असं त्याचं सरळ गणित होतं. आम्ही बघून घेऊ का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नको, बाहेरच्यांनी हात लावायची गरज नाही, मी करतो. जणू मी सेकावर उपकारच करत होतो.

मंगळवारी कॉर्नरचा सराव चालला होता. चेंडू निसटला आणि सेकाने डावा पाय लांब टाकला. चेंडू माझ्यापासून चांगला दोन-तीन हात दूर होता. मी चेंडूकडे पाहिलंच नाही. दोन्ही पाय पुढे, बुटांचे खिळे वर, आणि सगळं अंग त्यामागे झोकलं. नडगी मधोमध मोडली आणि हाडाचं टोक मोज्यातून बाहेर आलं. सेका ओरडला नाही. त्याने मनगट तोंडात घातलं आणि ते रक्त येईपर्यंत चावलं. माझ्याकडे बघत होता तो, सगळा वेळ.

मग सगळे माझ्यावर तुटून पडले. नाकाला पट्टी लावलेल्या गोलकीपरने माझ्या कानशिलात ठोसा हाणला, ब्राझीलच्या दोघांनी मला खाली पाडून तुडवलं. मीही हात चालवले, एकाचा दात माझ्या बोटांत रुतला. कोचने ओढून बाजूला काढलं तेव्हा मी हसत होतो म्हणे. असेनही.

बुधवारी सकाळी मी ओर्तेन्झिया माक्रीबाईंकडे गेलो. गेली वीस वर्षं क्लबची यादी त्याच भरतात. मी खुर्ची ओढून बसलो आणि गोडीत विचारलं, आता एक जागा मोकळी झाली ना?

त्यांनी चष्मा काढला. "कुठली? सेकाची? ती तुला कशी मिळेल? ती घरच्यांची जागा आहे."

"मग? मी घरचा नाही?"

"तू घरचा नाहीस, निकोदेमो. सेका घरचा आहे."

मला वाटलं बाई थट्टा करतायत. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. पंचवीसपैकी चार जागा क्लबात घडलेल्यांच्या, चार देशात घडलेल्यांच्या. जन्म कुठला, आईबाप कुठले, हे कुणी विचारत नाही. पंधरा ते एकवीस या वयातली तीन वर्षं कुठं काढली, तेवढंच बघतात. सेका पंधराव्या वर्षी इथं आला आणि त्याने सहा वर्षं याच मैदानावर घासली. मी सोळाव्या वर्षी जर्मन पैशाच्या नादाने तिकडच्या क्लबात निघून गेलो तो चोविसाव्या वर्षी परतलो. कागदावर मी या क्लबचा नाही आणि इटलीचाही नाही. माझ्यासारख्यांना उरलेल्या सतरा जागांतच काय ती आशा.

"त्या सतरांतली एक जानेवारीत सुटतेय," त्या म्हणाल्या, "डेन्मार्कचा चाललाय. ती तुला दिली होती."

"कधी?"

"सोमवारी. भुवईला टाके घातलेला सेका आला कोचकडे. म्हणाला, उंच चेंडू मला जमत नाहीत, निकोला जमतात. त्याला माझ्या शेजारी उभा करा. मी पेन्सिलने तुझं नाव लिहिलंसुद्धा."

मी विचारलं, आणि आता? त्या म्हणाल्या, आता कुणाच्या शेजारी उभा राहणार तू? सोबत्याचाच पाय मोडणाऱ्याला कोच मैदानावर घेणार नव्हता. सेकाच्या जागी खेळेल असा नवा माणूस क्लबला हवा होता, आणि घ्यायला जागा तीच एक. सर्बियाच्या एका पोराशी रात्रीच बोलणी पक्की झाली होती. बाईंनी खोडरबर घेतला, माझ्या डोळ्यांदेखत नाव पुसलं आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला. मग मला दार दाखवलं.

फाटकाबाहेर कोझिमो वीस-पंचवीस जणांना घेऊन उभा होता. झेंडे होते, माझं नाव रंगवलेली चादर होती. मला बघताच त्यांनी गाणं सुरू केलं. दोघांनी माझ्या मांड्यांना धरून मला उचलायला घेतलं. कोझिमोने माझ्या गालाचा मुका घेतला आणि भोंग्यातून सगळ्या रस्त्याला ऐकवलं, हा आपला माणूस, आपल्या मातीतला.

मी तो भोंगा हिसकावला आणि त्याच्याच तोंडावर घातला. पहिल्या फटक्यात ओठ फाटला, दुसऱ्यात पुढचे दात गेले. तिसरा मारणार तोच मागून पट्ट्याचं बक्कल माझ्या डोळ्याच्या खोबणीवर बसलं. मी गुडघ्यावर आलो. मग लाथा. एक बरगडी गेली, मग दुसरी, मग श्वास घेता येईना. कोझिमो रक्ताची पिंक टाकत ओरडत होता, आणि फाटक्या तोंडाने काढलेले शब्द मला नीट कळले.

"मारा जर्मनाला. साला परका."

आणि सगळ्यांनी ते उचललं. दोन मिनिटांपूर्वी ज्या चालीवर माझं नाव घेत होते त्याच चालीवर. जर्मन, जर्मन, चालता हो. मी त्यांना माझ्या बापाचं नाव सांगायचा प्रयत्न केला, पण तोंडात रक्त भरलं होतं. एकाने माझ्या गळ्याच्या हाडावर टाच ठेवून वजन टाकलं. हा आवाज मात्र बाकीच्यांनीही ऐकला असणार.

गावात इस्पितळ एकच, आणि मोडलेल्या हाडांचा मजलाही एकच. बाप येऊन बसला, माझं पांघरूण नीट करून गेला. मासळीच्या गाळ्यावर त्याला लोक काय विचारत होते, ते त्याने सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स सेकाला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. पाय समोर ताठ, त्यात लोखंडी सळया. त्याने तिला बाहेर थांबायला सांगितलं. माझा एक डोळा सुजून मिटला होता, दुसऱ्याने मी त्याच्याकडे पाहिलं. माफी मागायचं मी मनाशी ठरवलं होतं. पण आधी त्यानेच तोंड उघडलं.

"बरगड्या किती?" त्याने विचारलं.

"तीन. आणि गळ्याचं हाड."

"बरं झालं." त्याने आपल्या पायातल्या सळयांकडे बोट दाखवलं. "डॉक्टर म्हणतो आठ महिने. म्हणजे ऑगस्ट. पहिल्या दिवशी तू मैदानावर पाहिजेस. मी दोन्ही पायांनी तुझ्यावर येणार, चेंडू कुठंही असो."

"माझं नाव यादीत नाही, सेका."

"सरावाला यादी लागत नाही."

मला रडू फुटलं. बरगड्यांमुळे धड रडताही येईना, नुसती कळ उठत होती. तो ते बघत बसून राहिला, उत्तर घेतल्याशिवाय हलणार नव्हता. मी म्हटलं, येईन.