सुताराची मुलगी निबंध वाचते

वडील परिषदेला येतील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते सुतार. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि शहर त्यांना मानवत नसे. पण थंड प्रदेशांच्या पर्यावरणावर विद्यार्थ्यांची संशोधन परिषद आहे आणि तिथे आपली लेक बोलणार आहे, हे कानावर आल्यावर त्यांना घरी चैन पडेना. लग्नकार्यातला ठेवणीतला कोट चढवून ते सकाळीच सभागृहाच्या दारात हजर.

"बाबा, तुम्ही? कळवायचं तरी!"

"कळवलं असतं तर नको म्हणाली असतीस."

खरंच म्हणाली असती. कारण निबंध त्यांच्याच गावावर होता. गाव उभं होतं बारमाही गोठलेल्या जमिनीवर. वरची थोडी माती उन्हाळ्यात सैल व्हायची, खाली सगळं दगडासारखं. पिढ्यान् पिढ्या सगळे तसंच धरून चालले होते. तिने गावाभोवती खोल भोकं पाडून त्यांत तापमापक सोडले, आणि गेल्या हिवाळ्यातच तिला कळून चुकलं की खालचा गोठलेला थर वितळायला लागलाय. नदीकडची आळी आधी खचणार. त्यांचं घर त्याच आळीत.

आणि नेमकी या उन्हाळ्यात वडिलांनी तिच्या धाकट्या भावाच्या लग्नासाठी घराला नवी खोली काढली. फळी धरायला सुट्टीवर आलेली तीच उभी. रोज ठरवायची, आज सांगून टाकू. आणि वडील शीळ घालत रंधा मारताना दिसले की मूग गिळून बसायची.

तिची पाळी आली. पडद्यावर आकाशातून टिपलेला नकाशा उमटला. गावाचं नाव तिने मुद्दामच घातलं नव्हतं. पण नदीचं वळण आणि शाळेचं छप्पर त्यांना ओळखू येणार नाही होय? ते छप्पर त्यांनीच घातलेलं. शेवटच्या रांगेत ते जिवाचा कान करून ऐकत होते. तिचा आवाज एकदाच अडखळला, 'लाल रंगातला भाग राहण्याजोगा उरणार नाही' या वाक्यावर.

प्रश्नांच्या वेळी मागून एक हात वर झाला.

"घरांचे खांब आणखी खोल नेले तर?" वडिलांनी विचारलं.

"नाही टिकायचे," ती म्हणाली. "तेही रुततील."

"मग माणसांनी जायचं कुठे?"

अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "तो या निबंधाचा विषय नाही. आणि वेळही संपली." टाळ्या झाल्या.

बाहेरच्या जिन्यापाशी तिने त्यांना गाठलं.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"हिवाळ्यापासून."

"म्हणजे खोली काढत होतो तेव्हा."

"तुम्ही इतके खुशीत होतात, बाबा..."

"खिळे तूच देत होतीस गं," एवढंच ते म्हणाले. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. चहालाही न थांबता ते जिना उतरून गेले. संध्याकाळी तिला उत्कृष्ट निबंधाचं पारितोषिक मिळालं, आणि फोटोवाल्याने सांगितलं तशी ती हसली.

भावाचं लग्न झालं, पण नव्या खोलीत कुणी पाऊल टाकलं नाही. तो बायकोला घेऊन परगावी गेला. वडिलांनी कामं घेणं सोडलं. कुणी साधी खिडकी बसवायला बोलावलं तरी म्हणत, "आधी माझ्या मुलीला विचारा."

लोक खरंच विचारायला येऊ लागले. ती सुट्टीला आली रे आली की शेजारची काकू ओले हात पुसत दारात उभी राहायची. "आमचं घर कितपत टिकेल गं?" ती खरं काय ते सांगायची, आता खोटं बोलून तरी कुणाचं भलं होणार होतं? काकू "बरं बाई" म्हणून परतायची. आतल्या खोलीतून वडिलांचा खोकला ऐकू यायचा. ते बाहेर येत नसत.