विबकेचा ‘उत्कृष्ट’ शेरा

जर्मनीतल्या ओस्नाब्रुकच्या पंपांच्या कारखान्यात माणसं कमी करणार अशी बातमी आली, तेव्हा सुट्या भागांच्या खात्यात एकटी विबके ओल्टमान्स निवांत कॉफी पीत होती. खात्यात माणसं दोन, आणि त्यातलं एक जाणार. पण तिला वर्षानुवर्षं ‘उत्कृष्ट’ शेरा मिळत आलेला, आणि समोरच्या लुटमानला ‘सुधारणेस वाव’. तोही साहेब दयाळू म्हणून. नोकरी हेच विबकेचं सर्वस्व. संसार मांडायला तिला सवड झाली नव्हती. शेरा सांभाळायचा होता ना.

मग कामगार मंडळाने कायदा वाचून दाखवला. कुणाला ठेवायचं ते गुणांवर ठरणार. वयाला गुण, नोकरीच्या वर्षांना गुण, पदरच्या मुलांना गुण. शेऱ्याला एकही नाही. लुटमान पंचावन्नचा, मिसरूड फुटल्यापासून इथेच, आणि त्याला तीन मुलं. ऑफिसात केली असली तरी घरी त्याने कामात कसूर केली नव्हती.

तरी एक वाट उरली होती. ज्याच्यावाचून काम अडतं, त्याला साहेब या हिशेबातून वगळू शकत होते. म्हणून डीकहोफसाहेबांनी बोलावलं तेव्हा विबके केस नीट करून गेली.

“तुमच्यासाठी मी फार भांडलो, फ्राऊ ओल्टमान्स,” साहेब म्हणाले. “पण तुमच्यावाचून अडत नाही हो.”

“मग उत्कृष्ट कशाबद्दल?”

“त्याचबद्दल. तुम्ही सगळं काम इतकं छान लिहून ठेवलंत, की कुणीही करू शकेल.”

लुटमानने मात्र आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती. जुन्या पंपांचे भाग कुठे ठेवलेत ते त्याच्या डोक्यात. तो सर्दीने घरी बसला, की खातं बसायचं. साहेबांच्या मते असा माणूस घालवणं परवडणारं नव्हतं.

मग साहेबांनी जरा घसा खाकरला. जाण्याआधी लुटमानना तुमचं काम शिकवाल ना, अगदी हाताला धरून, असं त्यांनी विचारलं. ते जरा हळू शिकतात.

विबके उठली. “माझी रजा साठली आहे. उद्यापासून घेते.”

“अहो, पण मग त्यांना शिकवणार कोण?”

“लिहून ठेवलंय ना. कुणीही करू शकेल, असं तुम्हीच म्हणालात.”

बाहेर लुटमान दारातच उभा होता. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. “अन्याय झाला तुमच्यावर,” तो म्हणाला, आणि त्याने विचारलं, “ते लिहिलेलं सगळं वाचावं लागेल का हो?”

“सगळं,” विबके म्हणाली आणि कोट घ्यायला गेली.