घरची खुर्ची

दिव्याखाली अंधार म्हणतात तो बघायचा असेल, तर खुर्च्या विणणाऱ्याच्या घरी जावं. आत्याच्या हातची वीण कुठेकुठे होती! कचेऱ्यांत, दवाखान्यांत, बड्या लोकांच्या दिवाणखान्यांत. माणसं तिच्यावर बसून म्हातारी झाली, पण वीण हलली नाही. आणि आत्याच्या स्वतःच्या घरात धड म्हणावी अशी एक खुर्ची नाही. कुठल्या खुर्चीचा वेत मधोमध तुटलेला, कुठल्या खुर्चीचा कडेने सुटलेला. वर उशी टाकायची आणि पुढच्या दांडीवर अलगद टेकायचं, ही सवय घरातल्या प्रत्येकाला होती. गिऱ्हाइकाचं आधी, घरचं उद्या.

हा 'उद्या' मूळचा आत्याच्या धाकट्या भावाचा. लग्न करून वहिनीला घरात आणलं तेव्हा त्याने तिच्यासाठी जुन्या बाजारातून एक रुंद, हातांची खुर्ची आणली होती. खुर्ची कसली, नुसता सांगाडा. "उद्या विणून देतो," म्हणाला. मुलगा झाला, मुलगा मोठा होऊन नोकरीला लागला, आणि एक दिवस भाऊ गेलासुद्धा. सांगाडा तसाच मागच्या खोलीत राहिला. वहिनी त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालायची.

आता घरात तिघं. आत्या, वहिनी आणि वहिनीचा मुलगा, म्हणजे आत्याचा भाचा. मुलगा वाईट नाही, पण हिशेबी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यापासून आत्याकडे महिन्याला दोन कामं आली तर नशीब, आणि पुढची खोली मात्र पूर्ण अडलेली. रस्त्याला लागून, भरपूर उजेडाची. ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासाठी एकजण भाड्याने मागत होता.

"आत्या, तू मागच्या खोलीत बसून विण ना," भाचा म्हणाला होता. मागच्या खोलीत दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो, आणि वेताची लांब पट्टी तिथे धड उलगडता येत नाही, हे त्याला कोण सांगणार? ज्याने कधी पट्टी हातात धरली नाही त्याला सांगून उपयोग नव्हता. पुढच्या खोलीतून उठली की आपलं काम संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात गल्लीतल्या लोकांनी मिळून मंडळ काढलं. त्यामागे होती शिंप्याची सून. अख्खी गल्ली तिला सूनबाईच म्हणते, तिच्या सासूपेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. बाहेरगावचे पाहुणे आणायचे, त्यांनी गल्लीत हिंडायचं, बुकबाइंडरकडे वही शिवायची, काताऱ्याकडे लाकूड कातून भोवरा काढायचा, आत्याकडे वेत विणायचा. जेवण वहिनीकडे, रात्रीचा मुक्काम वरच्या माळ्यावर. येतील ते पैसे सगळ्यांत वाटून घ्यायचे. या रविवारी पहिलीच खेप होती.

"जमलं तर खोली तुझी," भाच्याने आत्याला सांगितलं. "नाही जमलं तर मी संध्याकाळी मोबाइलवाल्याला हो म्हणणार. मग रडायचं नाही."

"रडतंय कोण?" आत्या म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायली.

सूनबाईने सगळं नीट समजावलं होतं. कातारी चार स्टुलांचे सांगाडे देईल. आत्याने वेताच्या पट्ट्यांचे उभे पदर भरून ठेवायचे. आडवे पदर पाहुणे स्वतः विणतील आणि आपापलं स्टूल घरी नेतील. "स्वतः विणतील, आत्या. हेच तर करायला येतायत ते."

आत्याने मान हलवली, पण तिला हे पटलं नव्हतं. पैसे देऊन राबायला कोण येतं? आणि आलाच कुणी, तरी घरी आलेल्या पाहुण्याला कामाला लावायचं म्हणजे काय? लोक काय म्हणतील? रविवारी सकाळी ती आंघोळ करून खोलीत आली तेव्हा चारही स्टुलं उभे पदर भरून तयार होती आणि बादलीत पट्ट्या भिजून मऊ झाल्या होत्या. जरा सुरुवात करून ठेवू, तिने विचार केला, म्हणजे बिचाऱ्यांना कमी त्रास. सुरुवात केली आणि मग हात थांबेना. एक वर, एक खाली. पहिलं स्टूल झालं. एकाचं झालं आणि बाकीच्यांची राहिली तर वाईट दिसेल, म्हणून दुसरं. पाहुणे यायच्या आधी चारही स्टुलं टकाटक तयार होऊन भिंतीला लागली, आणि बादलीत नुसतं पिवळट पाणी उरलं.

तिकडे वहिनीनेही कसर ठेवली नाही. तुटक्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून तिने त्यांच्यावर गुबगुबीत उश्या टाकल्या आणि उश्यांना कपाटातले नवे अभ्रे घातले.

"वन्सं, बघा, कुणाला कळेल का?" तिने विचारलं.

"कुणाला बसू देऊ नको म्हणजे झालं," आत्या म्हणाली.

पाहुणे आले. एक उंचच्या उंच गृहस्थ, त्यांची ठेंगणी बायको आणि त्या बाईंच्या दोन मैत्रिणी. सूनबाई पुढे होती, तोंडभर हसत. उंबऱ्यातून तिची नजर भिंतीकडे गेली आणि ते हसू जागच्या जागी थिजलं.

"आत्या, हे काय?"

"झाली सगळी," आत्या अभिमानाने म्हणाली. "तुम्ही फक्त बसा. चहा घ्या आणि जाताना घेऊन जा."

पाहुण्यांनी स्टुलं उलटसुलट करून बघितली. छान आहेत, म्हणाले. त्यातल्या एका मैत्रिणीने येताना बाह्या आधीच वर दुमडल्या होत्या. तिने त्या हळूच खाली सोडल्या. ते आत्याला दिसलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही माणसं खरोखरच विणायला आली होती. आणि आपण त्यांच्या ताटातलं वाढलेलं आपणच जेवून बसलो होतो.

"दुसरं काही नाही का विणायला?" सूनबाईने दातओठ खात विचारलं.

"सांगाडे चारच होते."

"उसवून द्या ना एक."

"ओला वेत बसला की उसवत नाही. कापावा लागतो." आत्याचा आवाज बसला. भाचा संध्याकाळी येणार होता. त्याला काय सांगायचं? पाहुण्यांची इतकी काळजी घेतली, इतकी काळजी घेतली, की त्यांना करायला काही शिल्लकच ठेवलं नाही? अति तिथे माती म्हणतात, ती ही अशी.

सगळे अवघडून उभे राहिले. अशा वेळी भिडस्त माणूस जे करतो तेच त्या उंच गृहस्थांनी केलं. 'असू द्या, असू द्या' म्हणत ते जवळच्या खुर्चीत बसले.

आत्या आणि वहिनी दोघी एकदम पुढे धावल्या, पण उशीर झाला होता. करकर आवाज झाला, उशी खाली गेली आणि उशीमागोमाग गृहस्थ. गुडघे हनुवटीला, पाय हवेत आणि बाकीचे ते खुर्चीच्या चौकटीत घट्ट. आत्याला वाटलं, धरणीने आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं. खुर्च्या विणणारीच्या घरी पाहुणा खुर्चीतून पडला, ही गोष्ट गल्ली पुढची पन्नास वर्षं सांगणार होती.

पहिली हसली ती त्यांची बायको. असं हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"अहो, उठा ना."

"उठता आलं असतं तर बसलो असतो का असा?" गृहस्थ आतूनच म्हणाले. मग चौघींनी मिळून त्यांना ओढून काढलं. त्यांनी कपडे झटकले, उशी उचलली आणि खालच्या भोकाकडे वाकून बघितलं. "ही दुरुस्त करायची राहिलीय वाटतं?"

आत्या 'नाही, नाही' म्हणणार होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय सहजी जात नाही. पण वहिनीने तिच्याआधी तोंड उघडलं.

"ही एकच नाही. घरातल्या सगळ्याच राहिल्यात." आणि तिने एकेका खुर्चीवरची उशी उचलून बाजूला टाकली. "ही बघा. आणि ही."

दुमडलेल्या बाह्या सोडणारी मैत्रीण पुढे आली. "मग यातलीच एक आम्ही विणू का?"

"पट्ट्या कोरड्या आहेत," आत्या म्हणाली. "भिजायला वेळ लागतो. गार पाण्यात तर..." ती थांबली. वहिनीच्या चुलीवर पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी पाण्याचं मोठं पातेलं उकळत होतं, आणि गरम पाण्यात पट्टी लवकर मऊ होते. पण त्या पातेल्यात वेत बुडवायचा नाही, हा वहिनीचा लग्न झाल्यापासूनचा कायदा. त्यावरून भाऊबहीण दोघांनी किती शिव्या खाल्ल्या होत्या.

वहिनीने आत्याकडे बघितलं. मग आत गेली आणि दोन फडक्यांत पातेलं धरून घेऊन आली. "घ्या, बुडवा एकदाचं," ती म्हणाली. "जेवायला उशीर झाला तर माझ्या नावाने ओरडू नका मात्र."

ती पुन्हा आत गेली. या खेपेला आली ती मागच्या खोलीतला सांगाडा उचलून. वर एक टॉवेल अजून लटकत होता. तिने तो ओढून खांद्यावर टाकला आणि खुर्ची आत्यासमोर ठेवली. "दोघांत एक एक. ही पण घ्या."

आत्याचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा पाहुण्यांचं विणकाम बघून वर-खाली होत राहिला. गृहस्थांच्या हाताला भलताच जोर, पट्टी ओढताना सांगाडा जागचा सरके. मैत्रिणी मात्र भराभर शिकल्या. आत्या एकेकीच्या मागे उभी राहून "एक वर, एक खाली, ओढा, जरा सैल, आता ओढा" असं म्हणत होती, आणि बोलता बोलता तिचाच आवाज पुन्हा भरदार झाला. सूनबाई पातेल्यातून पट्ट्या काढून देत होती. जेवण दुपार टळल्यावर झालं, आणि कुणी ओरडलं नाही.

भाचा मोजपट्टी घेऊन आला तेव्हा खोलीत ही गर्दी. दुकानाचं फर्निचर किती मावेल ते मोजायला तो आला होता. दारातच गृहस्थांनी त्याला हाक मारली. "जरा धरता का हा पाय? मी ओढतो." भाच्याने मोजपट्टी खिशात घातली आणि खुर्चीचा पाय धरला. पाच मिनिटांत त्याच्या कपाळाला घाम आला.

"आत्या, हे असलं तू एकटी करतेस?"

"नाही. मला पाय धरायला माणसं लागत नाहीत," आत्या म्हणाली. सगळे हसले, भाचाही हसला.

दिवेलागणीच्या आत दोन्ही खुर्च्या झाल्या. गृहस्थ पडले होते ती बरी झाली. वहिनीच्या खुर्चीत मात्र मधोमध एक ओळ चुकली होती, दोन वर आणि एक खाली, आणि तिथून पुढे सगळी वीण एका बाजूला झुकलेली. पाहुणे फोटो काढत होते. सूनबाई दारात कुणाशी तरी फोनवर बोलत होती. फोन ठेवून तिने आत्याचा दंडच धरला. "पुढच्या रविवारी आणखी चौघं येतायत. आणि आत्या, हात जोडते, काही विणून ठेवू नका."

"खुर्च्या पुरतील का?" आत्याने विचारलं.

"समोर न्हाव्याच्या दुकानात तीन मोडक्या आहेत. सगळ्यांच्याच घरी आहेत."

पाहुणे हातपाय धुवायला माळ्यावर गेले. आत्याचे हात केव्हाचे शिवशिवत होते. तिने सुरी उचलली. "वहिनी, ही चुकलेली ओळ कापते आणि उद्या नीट विणून देते."

वहिनी पटकन येऊन त्या खुर्चीत बसली. पुढच्या दांडीवर टेकून नाही, चांगली मागे सरून, पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. वीण जराशी करकरली आणि घट्ट राहिली.

"ऊठ," आत्या म्हणाली. "वाकडी झालीय ती."

"असू दे. मला उद्या नको."

आत्याच्या हातातली सुरी तशीच राहिली. दार अडवून भाचा उभा होता, खिशातून मोजपट्टीचं टोक बाहेर आलेलं. वहिनीने त्याच्याकडे मान वळवली.

"मोबाइलवाल्याला फोन कर," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, 'खोली रिकामी नाही. तिथे माझी आई बसते.'"