नादपेटीतला धाकू

मेलेला माणूस बोलतो म्हटलं की जिवंत माणसं कामधंदा सोडतात, हे मी १८९९ साली ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात डोळ्यांनी पाहिलं. होड्या चिखलात टेकलेल्या, मासळीच्या टोपल्यांवर माश्या घोंगावतायत, आणि सारा वाडा रंगूबाईच्या अंगणात दाटीवाटीने बसलेला. मधे पाटावर लाकडी पेटी, तिच्यावर पितांबर, पितांबरातून डोकावणारा पितळी कर्णा. आणि पेटीमागे कल्याण, ठाकुर्ली गाजवून आलेले नादानंद महाराज.

"शब्द ब्रह्म आहे! ब्रह्म अमर आहे! म्हणजे शब्द अमर!" महाराज गरजले. "मग सांगा, धाकू मरेल कसा?"

मी तिथल्या शाळेचा मास्तर. असलं त्रैराशिक माझ्या वर्गात कुणी मांडलं असतं, तर मी त्याला दिवसभर उभा केला असता. इथे मात्र बायाबाप्ये हात जोडून माना डोलवत होते.

धाकू म्हणजे रंगूबाईचा नवरा. गेल्या नारळी पुनवेनंतर खाडीत गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. मागे रंगूबाई आणि बारा वर्षांची नंदा. मिठागराचे मक्तेदार गुणाजीशेठ यांनी नंदाला मागणी घातली होती. वय पंचावन्न, दोन बायका स्मशानात पोचवलेल्या. रंगूबाईने दोनदा तोंडावर सांगितलं, "माजी पोर तुज्या नातीएवरी हाय." दुसऱ्या नकारानंतर पंधरा दिवसांत हे महाराज गावात उगवले आणि शेठच्याच ओटीवर उतरले. यात कुणालाही काही वावगं दिसलं नाही, मला सोडून.

महाराजांनी पितांबर सरकवून पेटीवरच्या मेणाच्या नळीवर चिमूटभर अंगारा टाकला, चावी पिळली, आणि डोळे मिटून म्हणाले, "आता तो म्हणेल, रंगू, पोर गुणाजीला दे. ऐका!"

नळी फिरू लागली. खर्र... टक्... खर्र... टक्... मधेच झणण्!

"खर्र, हा त्याचा श्वास! टक्, हे त्याचं वल्हं होडीच्या काठावर आपटतंय! झणण्, हा हुंदका!"

त्या सगळ्या गोंधळात खोल कुठेतरी एक किरटा आवाज होता खरा. पण तो काय बोलतो हे आधीच सांगून ठेवल्यावर न ऐकणारा कोण? रंगूबाईने पेटीसमोर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला. सोमवारी हळद ठरली. नंदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती रडत नव्हती, आणि मला तेच बघवेना.

मी उठलो. "अहो, हा मुंबईत मिळणारा फोनोग्राफ आहे, बोलणं साठवणारं यंत्र! ही नुसती यंत्राची खरखर!"

"असं?" महाराज गोड हसले. "मग मास्तर, थांबवा की तुमची खरखर. या."

मी पेटीपाशी गेलो. चावी कुठली, सुई कुठली, मला काय ठाऊक! मी नुसता उभा राहिलो आणि अंगण खदखदून हसलं. ज्ञान अर्धवट असलं की ते लबाडाच्याच कामी येतं, हा धडा मी त्या दिवशी भर सभेत शिकलो.

तसाच ख्रिस्ती आळीत ऑस्वल्डकडे गेलो. ऑस्वल्ड त्यांच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो, आणि मुंबईत एका साहेबाचं असलंच यंत्र त्याने खोलून जोडलं होतं. तो एका पेटीचा भाता दाबत बसला होता. पेटीतून घुर्र असा ओंगळ आवाज येत होता. त्याने एकेका फळीवर बोट टेकवलं. चौथ्या फळीला घुर्र बंद झाली.

"बगितलाव, मास्तर? आवाजाला शिव्या देऊन तो जात नाय. पयला त्याला इचारायचा, तू कुठनं येतस? बोट ठेवल्यावं जो गप होतो, तो चोर."

"मग उद्या सगळ्यांसमोर त्या भोंदूला चोर म्हण."

"छ्या! तुमी तेच केलंव आनि हसं झालं." ऑस्वल्ड हसला. "मी त्याला कायच बोलनार नाय. मी धाकूचा आवाज साफ करून देनार."

दुसऱ्या दिवशी पाच वाजून गेल्यावर पुन्हा अंगण भरलं. शेठ खुर्चीवर, नवं उपरणं घालून. ऑस्वल्ड पुढे आला आणि रंगूबाईला म्हणाला, "वयनी, धाकू माजा दोस्त होता. खरखरीत त्याचा बोलना नीट कलत नाय. मी पेटी साफ करू? मंग तुला त्याचा सबूद न् सबूद कलंल."

"पेटीला परहस्ते स्पर्श नाही!" महाराज ओरडले.

रंगूबाईने डोकं वर केलं. "का नाय? माजा मानूस बोलतोय ना? मना त्याला नीट ऐकायचा हाय."

"हो, हो, साफ करू द्या!" सगळा वाडा ओरडला. काल हसणारी तीच तोंडं. महाराजांना नाही म्हणता येईना. धाकूचा आवाज स्पष्ट ऐकायला आत्म्याची हरकत का असावी, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

ऑस्वल्डने खिशातून मऊ केसांचा कुंचला काढला आणि नळीवरचा अंगारा हलक्या हाताने झाडला. चावी पिळली. खर्र गेली! श्वास म्हणून जो पुजला होता तो राखेचा कचरा निघाला. मग झणण् झालं तसं त्याने कर्ण्याच्या बुडाशी बोट टेकवलं, हुंदका बंद. सैल झालेल्या कर्ण्याला त्याने दोऱ्याचे दोन वेढे दिले.

"आनि ह्या टक् टक्?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"नलीला तडा हाय. दर फेऱ्याला सुई त्याच्यावर आपटते." त्याने चावी उतरू दिली. नळी मंदावली, तशी टक् टक्ही मंदावली. "वल्हं मारून धाकू दमला काय रं?"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी पितांबर आवरायला घेतलं.

"थांबा," रंगूबाई म्हणाली. "लाव परत."

यंत्र पुन्हा पहिल्यापासून लागलं. आता आवाज स्वच्छ होता. "रंगू, पोर गुणाजीला दे..." नाकातला, ओढलेला आवाज. रंगूबाईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आणि त्या आवाजामागे, जरा दूर, घड्याळाचा टोला पडला. एक, दोन, तीन... मग कर्र कर्र असं खोकणं... आणि चौथा.

वाड्यात टोल्यांचं घड्याळ एकच. तिसऱ्या टोल्यानंतर खोकणारं. पोरं त्याला दमेकरी म्हणत.

"ह्या तर शेठच्या ओटीवरचा घड्याल!" नंदा ओरडली. मी तिला इतक्या मोठ्याने बोलताना प्रथमच ऐकलं.

"बाहेरून ऐकू आलं असेल," शेठ पुटपुटले.

"आता साडेपाच झालेत, शेठ," मी म्हणालो. सुडाचा आनंद झाला हे कबूल करतो. "आणि तुमचं घड्याळ चार वाजवतंय?"

ऑस्वल्डने सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. तेच शब्द, त्याच ठिकाणी तेच टोले, तोच खोकला. "धाकू वर जाताना शेठचा घड्याल घेऊन गेला वाटतं," म्हातारा म्हणाला, आणि मग जे हसू उसळलं ते काही माझ्यासाठी नव्हतं.

ऑस्वल्डने पेटीचा खण ओढला. आत बोलणं कोरायची सुई होती आणि मेण तासायची पाती. शेठच्या ओटीवर बसून, नाक दाबून, चारच्या सुमारास पितृलोक तयार झाला होता. महाराज मागच्या दाराने गेले, पेटी टाकून. शेठला मात्र पुढच्या वाटेने, सगळ्यांच्या मधून जावं लागलं.

रंगूबाई तिथेच बसून होती. "माज्या धाकूचा आवाज असा नव्हता," ती म्हणाली. "मना ठाव होता. तरी मी पाया परले." हे ऐकून माझं हसू गेलं आणि त्या महाराजाचा असा संताप आला की सांगता येत नाही. लबाडाने तिला फसवलं होतं ते तिच्या अज्ञानाच्या जोरावर नव्हे, तिच्या मायेच्या जोरावर.

"ह्या पुसता येल?" तिने विचारलं.

ऑस्वल्डने नळी तासली. मेणाचे पापुद्रे अंगणात पडले. मग त्याने दुसरी सुई लावली, कर्णा नंदापुढे फिरवला आणि म्हणाला, "बोल, पोरी. जवल येऊन बोल."

नंदाने आईकडे पाहिलं. आईने होकाराची मान हलवली.

नंतर तीच नळी सगळ्यांनी ऐकली: "मी नंदा. धाकूची पोर. मी गुणाजीशेठशी लगीन करनार नाय." तडा होताच, त्यामुळे टक् टक् चालूच होती, पण आता कुणी तिला वल्हं म्हटलं नाही.

वाचकहो, उद्या तुमच्याही अंगणात कुणी पितांबर पांघरलेली पेटी घेऊन येईल. यंत्र नवं असेल, मंत्र जुनाच असेल. तेव्हा हात जोडण्याआधी एक बोट पुढे करा आणि विचारा, हा आवाज येतो कुठून? खऱ्या आवाजाला बोटाची भीती नसते.