नवऱ्याचं काम

संशय माणसाला झोपू देत नाही म्हणतात. गिरीशला तो धड जेवूही देत नव्हता. कारण एवढंच, की त्याची बायको नयना अलीकडे पुरुषासारखी चालायला लागली होती.

कतारमध्ये, दोह्यातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्या वर्षी, म्हणजे त्र्याऐंशी साली, बायका नाटक करणार होत्या. नाटक शंभर वर्षांपूर्वीचं: पुस्तकं वाचणारी बायको, तिला वठणीवर आणणारा नवरा आणि शेवटी बायकोची माफी. त्या काळी घरंदाज बाईनं रंगभूमीवर पाऊल ठेवायचं नाही, म्हणून पुरुषच लुगडी नेसून बायका व्हायचे. इथे मंडळातल्या नवऱ्यांनी ठरवलं, आपल्या बायकांनी परक्या पुरुषांबरोबर तालमी करायच्या नाहीत. मग बायकाच नवरे झाल्या. बाईच्या अब्रूची काळजी वाहून वाहून पुरुष बिचारे शंभर वर्षांत दमले नव्हते.

नयनाला नवऱ्याचं काम मिळालं आणि तिच्या मैत्रिणीला, नीताला, बायकोचं. दोह्याच्याच अल मन्सूरा भागात नीताच्या घरी तालमी सुरू झाल्या. आधी नयना रडकुंडीला आली. पुरुष जमतच नव्हता. मग एकाएकी जमला. कसा काय, असं गिरीशनं विचारलं, तर म्हणाली, "एकांना नीट बघत गेले. बघून बघून आलं."

"कोणाला?"

"आहेत एक," असं म्हणून ती हसली आणि पोळ्या लाटायला गेली.

ते 'आहेत एक' दातात अडकलेल्या सुपारीसारखं झालं; जीभ सारखी तिथेच. बायको कुठल्याशा पुरुषाला निरखते, त्याचं चालणं-बसणं पाठ करते, आणि वर हसते. संशय गेला शहाजीवर. हा जवळच्या मेसईद बंदरावरच्या कंपनीतला ड्रायव्हर, शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, बायकांना व्हॅनमधून तालमीला सोडायचा. गावच्या जत्रेतल्या नाटकांत काम केलेला गडी, म्हणून नयनाला पागोटं त्यानंच बांधून दिलं होतं. म्हणजे तिच्या डोक्याला हात लावला होता. ऑफिसात ड्रॉइंग बघताना गिरीशला तोच हात दिसायचा. त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं: नाटक झालं की सोक्षमोक्ष लावायचा आणि नयनाला नाशिकला माहेरी धाडायचं, ते कायमचंच. व्हिसा त्याच्या नावावर होता, तिला विचारायचं कारण नव्हतं.

एका शुक्रवारी त्यानं शहाजीला व्हॅनपाशी गाठलं.

"म्या काय शिकवणार, साहेब? जत्रंत म्या बाईच व्हायचो. बायकूकडं बघून शिकलो," शहाजी म्हणाला. "वहिनी पुरुष घरनंच शिकून येत्यात."

घरनं! म्हणजे आपण ऑफिसात असताना घरी कोणी येतं. दुसऱ्याच दिवशी गिरीश भरदुपारी घरी येऊन थडकला. आत नयना एकटीच आरशासमोर खाकरत होती. तरीही त्यानं बाथरूममध्ये डोकावून पाहिलं.

नाटकाला हॉल भरला होता. गिरीशशेजारी नीताचा नवरा श्याम. नवरा झालेली नयना दाराबाहेर दोनदा खाकरून आत आली, बसण्याआधीच पाण्यासाठी चुटकी वाजवली. नीता वाचलेलं काही उत्साहानं सांगू लागली. नवऱ्यानं चष्मा काढला, नीताचा पदर ओढला, त्यावर काचा पुसल्या आणि वर न बघता म्हटलं, "हं, पुढे?"

बायका खदखदून हसल्या. श्याम हसता हसता गिरीशकडे वळला आणि त्याच्या चष्म्यावर नजर पडताच घाईनं पुन्हा रंगमंचाकडे बघू लागला.

गिरीशला आधी सुटल्यासारखं वाटलं. दुसरा पुरुष नव्हताच. आणि मग लाज वाटली, भर हॉलमध्ये उघडं पडल्यासारखी. शेवटी नीतानं हात जोडून माफी मागितली तेव्हा टाळ्या पडल्या. त्याचे हात मांडीवरून उठले नाहीत.

नाटक संपलं. नयनाबरोबर एसीतून बाहेर दमट हवेत येताच त्याच्या चष्म्यावर नेहमीसारखी वाफ धरली. समोरचं काही दिसेना. चष्मा काढल्यावर सवयीनं त्याचा हात शेजारी गेला, पदर शोधत. हाताला कोटाचं बटण लागलं.

"आज पदर नाही," पागोटं काखेत धरून नयना म्हणाली. "रुमाल बाळगत जा."